गार इंजिनाचे पहिले सेकंद

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग टायरला हलकी लाथ मारतो, मग बॉनेट उघडून काही न कळताच मान हलवतो. कानसेन यांतलं काही करत नसे. तो आधी बॉनेटवर तळहात ठेवी. पत्रा कोमट लागला की विकणाऱ्याला म्हणे, "उद्या येतो. मी यायच्या आधी सुरू करू नका." विकणारे चिडत, पण त्याचं म्हणणं साधं होतं. गरम इंजिन पाहुण्यांपुढे बसवलेल्या मुलासारखं शहाण्यासारखं वागतं. त्याचे खरे गुण कळतात ते झोपेतून उठवल्यावर, पहिल्या दोन-चार सेकंदांत.

कानसेन हे त्याचं पाळण्यातलं नाव अर्थातच नव्हे. वीस वर्षं त्याने एका भागीदाराबरोबर गॅरेज चालवलं होतं, आणि हे नाव त्या भागीदारानेच ठेवलेलं. भागीदाराला तो उलट पैलवान म्हणे, कारण पैलवान काडीसारखा होता. कानसेनकडे वीतभर लांबीचं एक गुळगुळीत लाकडी दांडकं असे. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. आत कुठली बेअरिंग कुरकुरते, कुठला पट्टा सैल आहे, हे तो उभ्या उभ्या सांगत असे. पुढे गुडघे बोलू लागले तसं गाडीखाली शिरणं सुटलं. गॅरेज पैलवानाकडे राहिलं आणि हा लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून द्यायला लागला. त्याच्याजवळ एक वही होती. कुठली गाडी किती किलोमीटरला कुठे दुखू लागते, ते सगळं त्या वहीत होतं.

म्हणूनच लेकीने नेमकी त्या वहीत बदनाम असलेली गाडी मागितली तेव्हा त्याच्या कपाळावर आठी आली.

लेक पोहायला शिकवायची. एक तलाव शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. ओले केस, खांद्यावर पिशवी, आणि दोन बस बदलायच्या. तिला हवी होती ती पाच दारांची, आखूड बांध्याची हॅचबॅक. दिसायला गरीब, पण पोटात टर्बो असलेलं तिखट इंजिन. असल्या गाड्या तरुण मुलं पिळून काढतात आणि मग विकतात. कानसेनने जेवताना वही न उघडताच यादी म्हणून दाखवली. पाण्याचा पंप गळतो. इंजिन पेलणारं रबरी माउंटिंग बसतं, मग गाडी उभी असताना थरथरते आणि चालायला लागली की थांबते. ठिणगी देणारी कॉइल जाते आणि चारांतला एक सिलिंडर मुका होतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टायमिंग चेन. इंजिनाचे खालचे आणि वरचे भाग एका तालात ठेवणारी ती चेन या गाडीत ताणली जाते. सकाळी गार इंजिन सुरू केलं की खडखड वाजते. आधी दोन सेकंद, मग तीन, मग पाच.

"मग?" लेकीने विचारलं.

"मग एक दिवस काहीच वाजत नाही."

"माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा तुम्ही अशीच यादी काढली असेल, बाबा," ती म्हणाली.

आई हसली. तिने खरोखरच एक यादी काढली होती, देवाजवळ, नवसाची. लेक तान्ही असताना एका दुखण्यात हातची जाता जाता राहिली, तेव्हापासून ही माउली रोज उठल्यावर तासभर मौन पाळत असे. तेवीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या तासात घर चमच्यावर चालायचं. कपावर एक टिचकी म्हणजे चहा झाला. दोन म्हणजे उठा, उशीर झाला. तीन म्हणजे नको, किंवा थांबा. लेक लहानपणी अंक शिकली ती त्या टिचक्यांवरच, असं कानसेन सगळ्यांना सांगत असे.

गाडी बघायला बापलेक सकाळी सातला गेले. गल्लीच्या शेवटी एक बैठं घर होतं, खिडक्यांची दारं अर्धी ओढलेली. मालक पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, कुठल्याशा कचेरीत नकाशे काढणारा. अशा माणसाकडे अशी गाडी बघून कानसेनला आश्चर्य वाटलं. गाडी करड्या रंगाची होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला. पत्रा फरशीसारखा गार होता.

किल्ली फिरवली. खडखड, खडखड, दोन सेकंद. मग इंजिन असं लागलं की जणू शिलाई मशीन.

त्याने दांडकं लावलं. पंप कोरडा. माउंटिंग घट्ट. चारही सिलिंडर सारखे बोलत होते. तो दांडकं इकडून तिकडे फिरवत राहिला. दहा वर्षांची, इतकं तिखट इंजिन असलेली गाडी, आणि चेन सोडली तर तिच्यात काही नाही. त्याला ते आवडायला हवं होतं. पण नापास होणाऱ्या वर्गात एकाच मुलाला सगळे गुण मिळाले की मास्तरला जसं वाटतं, तसं त्याला वाटलं.

मालकाने त्यांना आत बसवलं. बोलताना त्याची एक लकब होती. काही शब्दांनंतर एक शब्द यायचाच नाही. ओठ हलायचे, पण आवाज नाही. आणि पुढचा शब्द जसा काही झालंच नाही असा.

"गाडीत दोष काही —. जे होतं ते — बदललंय. पावत्या आहेत, —."

पावत्या होत्याच. पंप, माउंटिंग, कॉइल. सगळं बिघडायच्या आधीच बदललेलं. कानसेनला माणूस एकदम आपल्यातला वाटला. खिडकीशी खुर्चीत त्याचे म्हातारे वडील बसले होते. हवेत गारवा होता, तरी ते मानेवरून टॉवेल फिरवत होते आणि टॉवेल पिळण्याइतका ओला होता. मालकाची बायको पाण्याचे ग्लास घेऊन आली. चालत येताना ट्रे स्थिर होता. ती कानसेनसमोर उभी राहिली आणि ग्लास एकमेकांवर किणकिणायला लागले. "घ्या ना," ती हसून म्हणाली, "मी उभी राहिले की असंच होतं." ग्लास उचलून झाले, ती वळून चालायला लागली, तशी किणकिण थांबली.

निघताना मालक फाटकापर्यंत आला. लेक गाडीत बसून आरसे नीट करत होती. त्याने कानसेनच्या बाहीला हात लावला.

"फक्त चेन बदलली —. तुम्हीही ती बदलू —."

कानसेनने समजावलं की चेन ही काही शोभेची वस्तू नव्हे. भर वेगात तुटली तर इंजिनाचा चुरा होतो आणि गाडी जिथे असेल तिथे दगडासारखी उभी राहते. आत पोर असणार आहे माझी.

मालकाने चष्मा काढून पुसला.

"तुटली तर गाडीत —," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर कानसेनच्या डोक्यात ते वाक्य उगाच फिरत राहिलं. राहिलेला शब्द 'तुटेल' असणार. पण चेन गाडीत नाही तर कुठे तुटणार? कंजूष माणसं खर्च टाळायला काहीही सांगतात, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

गाडी घरी आली. लेक खूष होती. आता ती दोन तलावांच्या मध्ये घरी येऊन जेवून जायची. पण रोज सकाळी साडेसहाला खिडकीखाली ती खडखड व्हायची आणि कानसेनची झोप उडायची. दोन सेकंदच. पण कानात कुसळ गेलं की त्याची लांबी कोण मोजतं? तो आवाजाच्या आधीच जागा होऊ लागला. पडल्या पडल्या वाट बघायचा. आवाज झाला की मोजायचा. दोन. मग सव्वादोन वाटायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या तपासताना त्याला मोठ्या रस्त्यावर दगडासारखी उभी राहिलेली एक करडी गाडी दिसे.

महिन्याभरात त्याने पैलवानाकडून नवी चेन मागवली आणि एका शनिवार-रविवारी स्वतः हात घातला. गुडघ्यांनी तोबा केला, पण हात विसरले नव्हते. पांढऱ्या रंगाने दात्यांवर खुणा केल्या, इंजिनातले फिरते दांडे पिनांनी जखडले, जुनी चेन उतरवली. दोन्ही चेनी शेजारी शेजारी खिळ्याला टांगल्या. जुनी लांब होती, पण फार नाही, अर्ध्या कडीची जाडी. पैलवान म्हणाला, ही अजून वीस हजार चालली असती. कानसेन म्हणाला, वीस हजार मी झोपलो नसतो. जुना भाग त्याच्या नेमाप्रमाणे पिशवीत घालून, चिठ्ठी लावून त्याने फडताळात ठेवला. गाडी हजार किलोमीटर चालल्याशिवाय तो जुनं काही टाकत नसे.

सोमवारी सकाळी लेकीने किल्ली फिरवली. आवाज नाही. पहिल्या क्षणापासून शिलाई मशीन.

"चला," ती खिडकीकडे बघून म्हणाली, "आता बाबा झोपतील."

तो झोपलाही. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी पहाट सरता सरता त्याला जाग आली ती त्याच आवाजाने. बारीक, कोरडी खडखड, दोन सेकंद. त्याने घड्याळ बघितलं. सहाला पाच कमी. गाडी अजून सुरू व्हायची होती. स्वयंपाकघरात बायको मौनात होती. तिनेही मान वर केली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिने पुन्हा भांड्यात लक्ष घातलं.

पाण्याचा नळ असेल, त्याने ठरवलं. नळात हवा अडकली की असं वाजतं. दुसऱ्या दिवशी तो त्या वेळेला दांडकं घेऊन मोरीत उभा राहिला. आवाज झाला, पण नळात नाही. तिसऱ्या दिवशी फ्रिज. चौथ्या दिवशी खिडकीची कडी. माणूस मुळात पद्धतशीर. एकेक जागा वहीत लिहून खोडत तो घरभर फिरला. मोरी, स्वयंपाकघर, बाहेरची खोली. जिकडे आवाज मोठा तिकडे एक पाऊल. आठवडाभराने तो लेकीच्या खोलीच्या दाराशी आला.

तिचा मोबाइल असणार. गजर लावून टेबलावर ठेवते, तो थरथरतो. त्याने तिला सांगून मोबाइल रात्री बाहेर ठेवायला लावला. सकाळी तो बाहेरच्या टेबलावर वाजला. आतून लेक "उठले, उठले" म्हणाली.

आणि मग खडखड झाली. तीन सेकंद.

त्या दिवशी मौन सुटल्यावर बायको त्याच्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. ती म्हणाली, मी पहिल्या दिवसापासून ऐकतेय. तुम्ही भिंतींना कान लावत होतात, मी बघत होते. "आवाज ती उठली की येतो. आधी नाही, नंतर नाही. आणि तो होईपर्यंत ती पलंगाची कड धरून बसते."

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, काही नाही हो, उठल्या उठल्या क्षणभर काहीतरी निसटल्यासारखं होतं, मग लागतं नीट. ते 'लागतं' ऐकून कानसेनच्या हातातला कप बशीवर आपटला. त्याने तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तारा चिकटवल्या, पट्टी काढली, छाती ऐकली. पोहणाऱ्या मुलीचं हृदय, म्हणाला, माझ्यापेक्षा चांगलं आहे. काही दोष नाही.

कानसेन त्या लांब कागदावरच्या एकसारख्या रेघोट्या बघत राहिला. हजार गिऱ्हाइकांना त्याने तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही गाडी चालवत आणलीत, ती आता गरम आहे, आता मला काय कळणार? गार असताना आणा.

दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना तो तिच्या खोलीत गेला. ती कुशीवर झोपली होती. त्याने दांडकं काढलं. त्याने कोपर गादीवर टेकवलं. एक टोक तिच्या पाठीवर, डाव्या बाजूला, चादरीवरूनच. दुसरं कानामागे.

आत सगळं संथ होतं. दूरच्या खोलीतल्या घड्याळासारखं.

बाहेर मोबाइल वाजला. ती हलली. डोळे उघडले.

खडखड, खडखड, खडखड.

त्या आवाजात चूक होण्यासारखं काही नव्हतं. ताणलेली चेन, तिला आवळून धरणारा टेन्शनर सैल, कडेच्या पत्र्याला घासणाऱ्या कड्या. लाकडातून तो थेट त्याच्या हाडात उतरला. त्याने मोजले. चार सेकंद. मग सगळं सुरळीत.

"बाबा," ती झोपेतच हसत म्हणाली, "मी काय गाडी आहे का?"

त्या दिवशी तो तपासायच्या दोन गाड्या सोडून गल्लीच्या टोकाच्या त्या बैठ्या घरी गेला. काय विचारायचं ते त्याने वाटेत पाच-सहा वेळा जुळवलं आणि प्रत्येक वेळी त्याला ते बावळटपणाचं वाटलं. मालकाने दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारताच आत घेतलं. खिडकीशी म्हातारा टॉवेल पिळत होता. खाली बादली ठेवली होती. मागे मोरीच्या दाराशी मालकाची बायको उभी होती, आणि तिच्या हातातल्या बांगड्या सारख्या, एका लयीत, किणकिणत होत्या.

पंप. माउंटिंग. कानसेनने जीभ ओठांवरून फिरवली.

"मी तेव्हा सांगितलं —," मालक म्हणाला.

एक, दोन, तीन, मुका. एक, दोन, तीन, मुका. आता कानसेनला ते शब्द ऐकू येईनात, नुसता ताल ऐकू येऊ लागला. चार सिलिंडर, एक बंद.

"स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर — असतं खरं?"

मालक थोडा पुढे झुकला.

"भंगारात दिले मी —. तुमच्याकडे जुनी चेन —?"

"आहे."

मालकाने डोळे मिटले. त्या चेहऱ्यावर जे आलं, तो आनंद नव्हता. दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाऱ्या उपाशी माणसाचा चेहरा असतो, तसं काहीतरी होतं.

"मग परत बसवा, —. आणि गाडी कुणाला — नका."

विकायची नाही, हे कानसेनला सांगावं लागलं नसतं. कुठल्याही शहाण्या माणसाने ती गाडी घेतली असती तर पहिल्या महिन्यात चेन बदलली असती. त्याने स्वतः तेच केलं होतं.

पैलवानाला त्याने सांगितलं, नवी चेन सदोष निघाली, लॉट खराब आहे. पैलवानाला ते लागलं, कारण माल त्याने आणला होता. "वीस वर्षांत पहिल्यांदा जुनी चेन परत बसवतोयस," तो म्हणाला. "कान गेला की डोकं?" कानसेनने दोन दिवस मान वर न करता काम केलं. जुनी चेन पिशवीतून काढताना त्याला वाटलं ती हाताला किंचित कोमट लागतेय. फडताळावर ऊन येत असेल.

पुढच्या सकाळी तो लेक उठायच्या आधीच खाली गेला आणि गाडीत बसून राहिला. वर खिडकीत दिवा लागला, मोबाइल वाजला, बंद झाला. त्याने किल्ली फिरवली.

खडखड. चार सेकंद. पिशवीत पडून राहिलेली चेन, उतरवली तेव्हा दोन सेकंद वाजणारी.

खिडकीत बायको आली. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. खोलीत काही आवाज झाला नव्हता. कानसेन स्टिअरिंगवर डोकं टेकून कितीतरी वेळ बसला.

तेव्हापासून त्याचा नेम झाला. रोज सकाळी खाली जायचं, किल्ली फिरवायची, मोजायचं, बंद करायचं. बायकोच्या मौनाच्या तासातच त्याचाही हा तास. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत. लेकीला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. काय सांगणार? ज्याने जन्मभर लोकांना 'अंदाज नको, पुरावा दाखवा' म्हणून छळलं, तो हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने तिला एवढंच सांगितलं की चेन धोक्याची आहे, चांगल्या लॉटची मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही. किल्ली त्याने खुंटीवर टांगली.

लेकीने आधी थट्टा केली, मग विनवण्या, मग अबोला धरला. गाडी माझी, किल्ली तुमची, आणि मी पुन्हा बसच्या रांगेत. रोज सकाळी तुम्ही तिच्यात जाऊन बसता ते काय, तिला बरं वाटावं म्हणून? "इतकी काळजी वाटते तर दुरुस्त करा ना," ती म्हणाली. तिचं काहीच चुकत नव्हतं. सकाळी ती ताडकन उठायची, पलंगाची कड न धरता. तेवढं बघितलं की तिचा राग त्याला गोड लागायचा.

मात्र मोजणं वाढत होतं. चाराचे साडेचार झाले. साडेचाराचे पाच. चेन गाडीत तुटली तर काय होईल, हा हिशेब तो मनातल्या मनात पुन्हापुन्हा करत असे आणि दर वेळी एकाच उत्तरावर येऊन थांबत असे. गाडीत तुटली तर गाडीत तुटेल. तुटू दे. त्याच दिवसाची तो वाट बघत होता म्हणा ना.

मग त्याला तीन दिवसांसाठी परगावी जावं लागलं. एका कंपनीला जुन्या गाड्यांचा अख्खा ताफा घ्यायचा होता. निघताना त्याने बायकोला सांगितलं, सकाळी सुरू करायची गरज नाही, नुसती उभी राहू दे. ती त्या वेळी मौनात होती. तिने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. लेक लवकरच झोपली होती, तिचा सकाळचा पहिला वर्ग होता. जेवण वाढताना बायको म्हणाली, गाडी धुवून आणलीय तिने. "परवा सकाळी किल्ली घेऊन निघाली. धुवून, पॉलिश करून आणते म्हणाली. मी तीन टिचक्या दिल्या. पुन्हा दिल्या. संध्याकाळी बोलू म्हणाली आणि गेलीच." तिने पोळी वाढली. "मी तोंड उघडायला हवं होतं का?"

"धुवायलाच नेली ना," तो म्हणाला. "पैलवानाकडे?"

"पैलवानाकडे. आज तासाभरापूर्वी आणली."

तो ताटावरून उठून खाली गेला. करडा रंग आरशासारखा चमकत होता. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. आता सुरू करून काही कळणार नव्हतं. पैलवानाला फोन लावला, तो वाजत राहिला. दांडकं खिशात होतं, पण गरम इंजिन काय बोलणार?

उद्या. गार झाल्यावर.

सकाळी तो सहाच्याही आधी खाली आला. पत्रा फरशीसारखा गार. तो आत बसला. वर स्वयंपाकघरात दिवा होता, भांड्यांचा बारीक आवाज येत होता. लेकीच्या खोलीत अंधार.

त्याने किल्ली फिरवली.

शिलाई मशीन.

पहिल्या क्षणापासून. एकही खडखड नाही.

तो मोजत राहिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग त्याने काचेवरची उन्हाची झडप खाली केली आणि तिच्यामागे खोचलेलं कार्ड त्याच्या मांडीवर पडलं. वरच्या ओळी पैलवानाच्या गचाळ अक्षरात होत्या. नवी चेन चांगल्या लॉटची आहे, कान लावून बघ. जुनी भंगारवाला घेऊन गेला. खाली लेकीचं गोल अक्षर. बाबा, आता तरी किल्ली द्या.

बाहेरच्या खोलीत मोबाइल वाजायला लागला.

त्याने इंजिन बंद केलं, घर ऐकू यावं म्हणून. मोबाइल वाजत होता. कुणी बंद करत नव्हतं. "उठले, उठले" झालं नाही. खडखड झाली नाही. दोन सेकंद नाही, पाच नाही. काहीच वाजलं नाही.

मग कपावर एक टिचकी पडली. दोन पडल्या. थोडा वेळ गेला. पुन्हा दोन.

चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लेकीच्या खोलीकडे गेली.

आणि त्या तासात, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, वरून बायकोचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो."